घरात बाळ, कुत्रा आणि मांजर, पगार एकच : रोजचा खर्च कुठे कापायचा, कुठे नाही? (नागपूर)

मानेवाड्याची_माय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारल्याशिवाय जमणार नाही म्हणून लिहून राहिले. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. घरात सात महिन्यांची मुलगी, चार वर्षांचा देशी कुत्रा राजा, आणि एक मांजर, जी मागच्या पावसाळ्यात जिन्यात येऊन बसली आणि आमचीच झाली. माझी बिनपगारी रजा सुरू आहे म्हणजे सध्या पगार एकच, आणि वीस तारीख उलटली की पुढचे दहा दिवस कसे काढायचे हाच विषय. डायपरला अडीच हजाराच्या वर जातात, दुधाच्या पावडरचा डबा आणि ते बाळाच्या खाण्याचं सिरीयल वेगळं, राजाच्या खाण्याचं पाकीट, मांजरीच्या शी-शूच्या ट्रेत टाकायची लिटर, गोचिडाची गोळी, आणि खासगी दवाखान्यात लसीला गेलं की एका झटक्यात काही हजार. त्यात आता कूलर सुरू झाले म्हणजे लाइट बिल पण वाढणार.

सासूबाईंचं म्हणणं आहे की कुत्रं-मांजर कोणाला तरी देऊन टाका, लेकरू आधी. लेकरू आधी हे मलाही मान्य आहे पण राजाला द्यायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला फक्त एवढं समजून घ्यायचं आहे की कुठे खर्च कमी केला तर चालतो आणि कुठे अजिबात करायचा नसतो. बाळाला किंवा जनावराला त्रास होईल असा जुगाड नको.

हिशोबी_प्रतापनगर

ताई, आधी डायपरचंच घ्या कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच चाललाय. पाकिटावर किती टक्के सूट लिहिलीय त्याच्याकडे बघूच नका, एकूण किंमत भागिले नग, म्हणजे एक डायपर कितीला पडला तेवढंच बघा. तोच ब्रँड तोच साइज मेडिकलमध्ये, मॉलमध्ये आणि ऑनलाइन पाहिला तर नगामागे तीन-चार रुपयांचा फरक सहज निघतो, आणि दिवसाला सहा डायपर धरले तर महिन्याचे पाचशे ते सातशे रुपये झाले, काहीही न बदलता.

दुसरं म्हणजे साइज वाढला की तेवढ्याच पैशात नग कमी येतात. वजनाचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, मीडियम ७ ते १२ किलो, लार्ज ९ ते १४ असं काहीतरी, म्हणून मांडीला वळ उठत नसेल आणि बाजूने गळत नसेल तर पुढच्या साइजची घाई करू नका. आणि सेल लागला म्हणून चार महिन्यांचा साठा पण भरू नका, लेकरं या वयात भराभर वाढतात, अर्धं पाकीट तसंच राहून जातं.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपर, दुधाच्या बाटल्या आणि निपल यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालेला आहे. जुन्या छापील किमतीचा माल कोणी देत असेल तर बिल मागून बघा.

गांधीबागची_काकू

अगं पोरी, सहा डायपर रोज कशाला लागून राहिले? रात्री एक घाल, बाहेर जाताना एक घाल, बाकी दिवसभर लंगोट. घरातल्या जुन्या सुती साड्या, धोतरं, यांच्यासारखं मऊ कापड दुकानात मिळत नाही, आणि नसेलच तर गांधीबागेत मीटरवर मलमल घे, घरी शिवून घे, पंचवीस-तीस लंगोट आणि दहा-बारा दुपटी झाली की वर्षभर बघायला नको. आता तर आपला उन्हाळा, एप्रिल-मे मध्ये गच्चीवर टाकलेलं दुपटं बघता बघता वाळतं आणि तेवढ्या कडक उन्हात बरेच जंतू पण मरतात. उन्हाळ्यात डायपर बांधून ठेवलं की मांड्यांत लाल होतं, मग त्या क्रीमचा खर्च वेगळा.

धुताना एक लक्षात ठेव, ते वासाचं कंडिशनर टाकू नको, त्यानं कापड पाणी शोषत नाही. साधा साबण, दोनदा खळबळून काढ, झालं. आणि जुलै-ऑगस्टात कपडे वाळले नाही तर ओलसर लंगोट बांधायच्या भानगडीत पडू नको, तेव्हा सरळ डायपर घाल, तेवढे पैसे जाऊ दे.

दोन_पोट्ट्यांची_आई

काकूंना अनुमोदन. ज्यांना बांधायचे लंगोट जमत नाहीत त्यांनी पॉकेटवाले कापडी डायपर घ्या, बटणं लावून साइज वाढवता येतो, म्हणजे तीन महिन्यांपासून ते पार अडीच वर्षांपर्यंत तेच. सुरुवातीला पैसे लागतात पण माझ्या मोठ्याचेच धाकटीला चालून राहिले. आतला पॅड मायक्रोफायबरचा असेल तर तो थेट कातडीला लागू देऊ नका, खिशातच घाला, नाहीतर कातडी कोरडी पडते.

कपडे तर विकत घेऊच नका. झबली, टोपरी, स्वेटर सगळं चुलतभावंडांकडून येऊ द्या, बारशाला जे जे आलं त्यातलं दोन साइज मोठं असेल ते वर ठेवून द्या. नवं लागलंच तर सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी. आणि वॉकर घेऊ नका, कोणी देत असेल तरी घेऊ नका. त्यात बसवल्यानं मूल लवकर चालत नाही, उलट पडून लागायची भीती, कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदीच आहे. जमिनीवर चटई टाका, लोळू द्या, रांगू द्या.

दवाखान्यातली_ताई

मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात काम करते म्हणून लसीबद्दल सांगते, कारण इथे लोक विनाकारण हजारो रुपये घालतात आणि मग वीस तारखेला हात आखडतात. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस), रोटा, पीसीव्ही, इंजेक्शनवाला पोलिओ, गोवर-रुबेला, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर हे सगळं राष्ट्रीय लसीकरणात आहे आणि आपल्या केंद्रावर फुकट मिळतं. डागा, मेयो, मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मिळतं, त्यासाठी केशरी-पिवळं कार्ड वगैरे काही लागत नाही, कोणाचंही बाळ आणा. पीसीव्ही म्हणजे न्यूमोनियाची लस खासगीत सगळ्यात महाग पडते, ती २०२१ मध्येच देशभर सरकारी कार्यक्रमात आली, तरी कित्येक शिकलेल्या आईवडिलांना माहीत नाही.

लोक विचारतात खासगीतली ‘न दुखणारी’ चांगली ना? तर डीपीटी दोन प्रकारचा असतो, एक सरकारी आणि एक खासगीतला तो ‘न दुखणारा’. सरकारी प्रकारात ताप आणि सूज जरा जास्त येते, एक-दोन दिवसात जाते. संरक्षणात तो अजिबात कमी नाही. तापासाठी पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावरून आम्ही लिहून देतो.

फ्लू, टायफॉइड, कांजण्या, हिपॅटायटिस ए या मात्र सरकारीत मिळत नाहीत, त्या घ्यायच्या की नाही ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा, आणि तिकडचे वाचलेले पैसे इकडे वापरा.

मानेवाड्याची_माय

ताई खूप धन्यवाद. पण आमचे आतापर्यंतचे सगळे डोस खासगीत झालेत, आता मध्येच तुमच्याकडे येता येतं का? कोणी रागावणार तर नाही ना?

दवाखान्यातली_ताई

रागावणार कोण आणि कशाला? बाळाचं कार्ड घेऊन या. सात महिन्यांची आहे म्हणजे आता पुढचा मुक्काम नववा महिना, त्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि व्हिटॅमिन ए. मग १६ ते २४ महिन्यांत पुढचं. कार्डावर आधीचं काय दिलंय ते पाहून आम्ही पुढचं लावतो आणि यू-विन या सरकारी लसीकरणाच्या पोर्टलवर नोंद करतो म्हणजे कार्ड हरवलं तरी हिशेब राहतो. आपल्या भागातला लसीकरणाचा वार आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

अंगणवाडीत नाव पण घाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरपोच आहार मिळतो, वजन-उंची मोजली जाते. पहिलं मूल असेल तर मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत ५,००० रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६,०००, मुदत असते त्यामुळे अर्जाला उशीर करू नका. ज्यांचं रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी आहे आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मली आहे त्यांच्यासाठी लेक लाडकी, जन्माला ५,००० पासून टप्प्याटप्प्यानं अठराव्या वर्षापर्यंत एकूण १ लाख १ हजार. हे आपल्या हक्काचं आहे, मागायला लाजू नका.

नंदनवन_ची_सून

मध्येच विचारते, पावडरचा डबा फार महाग झालाय. आमच्या वाड्यात एक जण डबा जास्त दिवस पुरावा म्हणून चार चमच्यांच्या जागी तीन टाकते, पाणी तेवढंच. तिचं बाळ दिसायला तर बरं आहे. असं चालतं का?

दवाखान्यातली_ताई

नाही. अजिबात नाही. आजच्या आज तिला जाऊन सांगा. डब्यावर जेवढ्या पाण्याला जेवढे चमचे लिहिले तेवढेच, सपाट भरून. पातळ दुधानं पोट भरल्यासारखं वाटतं, रडणं थांबतं, पण अंगाला काही लागत नाही, वजन अडतं, आणि लहान बाळाला पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ कमी होऊन झटके येऊ शकतात. जास्त घट्ट केलेलं पण तेवढंच वाईट. तिला डबा परवडत नसेल तर आमच्याकडे घेऊन या, अंगावरचं दूध वाढवता येतं का ते बघू, कितीतरी आयांना जमतं फक्त कोणी शेजारी बसून शिकवलेलं नसतं. आणि दुकानदारानं किंवा कोणी डॉक्टरनं पावडरचा सॅम्पल हातात ठेवला तर घेऊ नका, १९९२ च्या कायद्यानं ते वाटायला मनाई आहे, जाहिरात करायलाही मनाई आहे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मे महिन्यात सुद्धा वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधातच असतं. आईनं पाणी प्यावं.

गांधीबागची_काकू

सातवा महिना लागला ना, मग आता ते सिरीयलचं खोकं बंद कर बाई. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन सावलीत वाळव, मंद भाजून रवाळ दळून डब्यात भर, रोज दोन चमचे शिजवून त्यात तूप. नाचणीचं पण तसंच. मऊ वरणभात, कुस्करलेलं केळ, उकडलेला बटाटा, भोपळा. घरात जे शिजतं त्यातलंच मीठ-तिखट घालायच्या आधी तिच्यापुरतं काढून ठेव, वेगळं काही मांडावंच लागत नाही.

दवाखान्यातली_ताई

काकू बरोबर. अंडं खात असाल तर तेही आता देता येतं, पूर्ण शिजवून. मध एक वर्षापर्यंत चाटवायचं नाही, साखर-मीठ पण नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे हाताशी ठेवू नका, घशात अडकतात.

बजेरिया_बॉय

गोचिडाचं मी सांगतो. ती चघळायची गोळी लय महाग आहे भाऊ, काऊन घेऊन राहिले? कॉटन मार्केटकडे शेती औषधाच्या दुकानात फवारणीचं औषध भेटते, एक बाटली घ्या, बादलीत झाकणभर टाका, कुत्र्याला आंघोळ घाला, घर पण पुसून घ्या. आमच्या गल्लीत सगळे हेच करते, गोचीड साफ.

इंटर्न_सेमिनरी_हिल्स

दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण हे कोणीच करू नका, आणि ज्या घरात बाळ रांगून राहिलं तिथे तर नाहीच नाही. मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करते. अशा आंघोळीनंतर लाळ गळणारे, थरथरणारे कुत्रे आमच्या टेबलवर येतात, मग सलाइन आणि ॲडमिशन, म्हणजे त्या गोळीच्या कितीतरी पट खर्च होतो आणि प्रत्येक कुत्रा वाचतोच असं नाही. शेतीच्या औषधाची तीव्रता पिकासाठी ठरवलेली असते. कुत्रा अंग चाटतो, बाळ त्याच फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालते. आणि ताईंकडे मांजर आहे हे विसरू नका, परमेथ्रिन नावाचं औषध कुत्र्यांना चालतं पण मांजरीला विष आहे, कुत्र्यावर लावलेलं मांजरीनं नुसतं चाटलं तरी जिवावर बेततं. त्यामुळे दुकानातून गोचिडाचा पावडर-स्प्रे काहीही आणताना मागचं नाव वाचा.

आता स्वस्त कसं पडेल ते सांगते. गोचीड आयुष्यातला बहुतेक काळ कुत्र्यावर नसतोच, तो भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या पोत्याखाली असतो, आणि एक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध मारत बसलं की महिन्याभरात परत तेच. राजा जिथे झोपतो तिथल्या भेगा सिमेंटनं बुजवा, त्याचं अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका, कोपरे व्हॅक्यूम करा किंवा ब्रशनं खरवडून कचरा लगेच बाहेर. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या मधे, गळपट्ट्याखाली हात फिरवा. दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, नखानं चिरडू नका. आणि चघळायची गोळी खरंच घ्या, तिच्यातली एक बारा आठवडे पुरते, महिन्याला भागून बघा म्हणजे तेवढी महाग वाटणार नाही. गोळी वजनाच्या पट्ट्यावर असते म्हणून आधी राजाचं वजन करा, अंदाजानं वरचा पट्टा घेऊन पैसे घालवू नका. गोचीडतापाचा एक आजार झाला तर रक्ततपासणी, महिनाभराच्या गोळ्या, सलाइन, त्यात वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे जातात. इथे काटकसर नको.

बजेरिया_बॉय

हाव ताई, मांजरीचं तर आम्हाले माहीतच नव्हतं. गल्लीत सांगतो सगळ्याले. चिमट्याचं ध्यानात ठेवलं.

खामल्याचे_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एका पगारात तान्हं लेकरू आणि दोन जनावरं हे झेपत नाही. सासूबाईंचं ऐका. कुत्रा कोणाच्या शेतावर देऊन टाका, तो पण सुखात राहील. केस, गोचीड, रेबीज, एवढी जोखीम लेकरासोबत कशाला?

इंटर्न_सेमिनरी_हिल्स

काका, काळजी समजते. पण चार वर्षं घरात राहिलेला कुत्रा शेतावर सोडला की तो सुखात नसतो, रस्त्यावर येतो, गाडीखाली जातो किंवा इतर कुत्री फाडतात. रेबीजची जोखीम लस दिलेल्या घरच्या कुत्र्यापासून नाही, लस न दिलेल्या प्राण्यापासून आहे. दरवर्षी रेबीजची लस, ठरल्या वेळी जंताचं औषध, गोचीड नाही, आणि बाळ-कुत्रा खोलीत दोघेच कधी ठेवायचे नाहीत, कितीही गरीब असला तरी. एवढं पाळलं तर दोघं एका घरात राहू शकतात. आणि कोणालाही बाहेरच्या कुत्र्यानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच मेयो-मेडिकल गाठा, माणसांची रेबीजची लस सरकारीत फुकट आहे.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या कॉलेजचा दवाखाना सेमिनरी हिल्सला आहे, तिथे थोड्याशा पैशांची चिठ्ठी काढून मोठ्या डॉक्टरांकडून तपासणी होते. रांग असते, वेळ काढून या, पण एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन सगळं बाहेरच्यापेक्षा बरंच कमी पैशात. नसबंदी केली नसेल तर तीही विचारा, मादी असेल तर आवर्जून, कारण पुढे गर्भाशयात पू झाला तर ते ऑपरेशन महाग आणि जिवावरचं असतं.

मानेवाड्याची_माय

काका तुमच्या भावना समजल्या पण राजा कुठेही जाणार नाही. मी गरोदर असताना पाणी सांडून पाय घसरला तेव्हा शेजारच्यांच्या दारावर भुंकून त्यानंच माणसं आणली होती. त्याचा खर्च कमी करायचा आहे, त्याला नाही.

इंटर्न ताई, खाण्याचं सांगा ना. पाकीट बंद करून घरचं दिलं तर?

इंटर्न_सेमिनरी_हिल्स

देता येतं, पण घरचं म्हणजे दूध-पोळी नाही. मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि पोळीत त्याला लागणारं प्रथिन नसतं. चिकनच्या दुकानात मान, पोटा, कलेजी स्वस्तात मिळते, ती भात आणि भोपळा-गाजर यांच्यासोबत बिनमीठाची शिजवा. कलेजी रोज भरपूर नको, थोडीच, जास्त झाली तर अ जीवनसत्त्वाचा त्रास होतो. कच्चं मांस बाळ असलेल्या घरात नको. मान शिजवली तर मांस सोलून घ्या, शिजलेलं हाड कधीच नाही, त्याचे टोकदार तुकडे आतडं फाडतात. सावजीचा रस्सा, कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद. आणि मांस-भातात कॅल्शियम फार कमी पडतं त्यामुळे पाकीट पूर्ण बंद करायच्या आधी एकदा दाखवून किती पूरक द्यायचं ते लिहून घ्या. मला विचाराल तर अर्धं पाकीट अर्धं घरचं हे सगळ्यात सोपं.

दुकानात पोतं फोडून सुटं विकतात ते पावसाळ्यात घेऊ नका, बुरशी धरते, खवट होतं. मोठं बंद पोतं दोन-तीन घरांनी मिळून घेतलं आणि हवाबंद डब्यात भरलं तर किलोमागे बरंच स्वस्त पडतं. मांजरीला मात्र भात-भाजीवर ठेवू नका, तिला मांसातलं टॉरिन नावाचं पोषकतत्त्व लागतं, ते नाही मिळालं तर डोळे आणि हृदय बिघडतं. आणि माणसांच्या गोळ्या दोघांनाही नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते.

मांजरवाली_लकडगंज

मांजरीच्या लिटरचं माझ्याकडून. आमच्या लकडगंजात आरा मशीनवर लाकडाचा भुसा पोत्यानं मिळतो, अगदी थोड्या पैशात. सागाचा वगैरे साध्या लाकडाचा मागा, प्लायवूडचा नको कारण त्यात डिंक-केमिकल असतं. घरी आणून चाळणीनं बारीक धूळ काढून टाका, नाहीतर मांजर शिंकत राहते आणि बाळाच्याही नाकात जाते. दुसरा उपाय रेती. कोणाचं बांधकाम सुरू असेल तर कन्हान नदीच्या रेतीची दोन घमेली मागून आणा, धुवा, कडक उन्हात वाळवा. नव्या भुशाची एकदम सवय होत नाही, आधी जुन्या लिटरमध्ये मूठमूठ मिसळत जा.

घाण रोजच्या रोज काढा. मांजरीच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगा होतो, म्हणजे रोज साफ केलं तर धोका फार कमी. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं ते काम करायचंच नाही. ट्रे बाल्कनीत किंवा बाळ रांगत पोचणार नाही अशा जागी.

दोन_पोट्ट्यांची_आई

औषधांचं राहून गेलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानं किडनी बंद पडून आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती, किती तरी गेली, ते दिवस आपण सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं पण सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आत सहसा नकोच. म्हणून ती बाटली घेऊच नका, पैसे पण वाचले आणि जोखीम पण. नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, ते स्वस्त आहेत. श्वास भराभर चालत असेल, छातीत खड्डा पडत असेल, दूध पीत नसेल तर घरी थांबू नका.

जुलाबात पण तेच. ओआरएस म्हणून गोड ज्यूसचे खोके विकत होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ओआरएस म्हणायला मनाई केली. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी घ्या, एका लिटरची पुडी एका लिटरमध्येच, अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात असं अंदाजानं नाही. आरोग्य केंद्रात पुडी आणि झिंक फुकट मिळतं, आणि जेनेरिक औषधं जनऔषधी केंद्रात.

हिशोबी_प्रतापनगर

जनऔषधीचं खरंच. आणि उन्हाळ्यात एक खर्च लोक उगीच करतात तो म्हणजे कुत्र्याचे केस भादरणं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांचे केस पार कातडीपर्यंत काढायचे नसतात, तेच ऊन अडवतात, नुसतं रोज विंचरलं तरी पुष्कळ. आमच्या सोसायटीत एकानं हस्की आणलाय, दिवसरात्र एसी. आपल्या ४५ डिग्रीत ती जात आणणं मला तरी पटत नाही, त्या जिवालाही त्रास आणि बिलालाही.

देशीला एवढं काही लागत नाही. गोणपाट ओलं करून सावलीत टाका, फुटक्या माठाचा बुड पाण्याला ठेवा, फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्री, दुपारी डांबरावर नाही.

मानेवाड्याची_माय

सगळ्यांचं वाचून काल रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. लंगोट दिवसा, डायपर रात्री आणि बाहेर जाताना. सिरीयल बंद, डाळ-तांदूळ आजच धुऊन वाळत घातलेत, सासूबाईंनीच घातले. लस आता केंद्रावर. राजाला अर्धं पाकीट अर्धं घरचं, मांजरीला भुसा. एवढ्यानंच साधारण तीन हजार महिन्याचे खाली येऊन राहिले. पावडर लिहिलेल्या मापानंच, गोचिडाची गोळी चालू, रेबीजची लस चालू, या तिन्हीला हात लावायचा नाही असं ठरलं. वाचलेल्यातले काही बाजूला टाकून फ्लूच्या लसीचं डॉक्टरांना विचारणार आहे.

एकच राहिलं. इंटर्न ताई, मानेवाड्याहून सेमिनरी हिल्सला राजाला न्यायचं कसं? आमच्याकडे फक्त बाइक आहे, आणि ऑटोवाले कुत्रं पाहिलं की नाही म्हणतात.

इंटर्न_सेमिनरी_हिल्स

फोन करतानाच कुत्रा आहे हे सांगा, आणि खाली अंथरायला स्वतःची चादर न्या, मग बहुतेक जण येतात. पट्टा आणि तोंडाची जाळी लागेलच, रांगेत दुसरी जनावरं असतात. निघायच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, गाडीत ओकतो. सकाळी लवकर निघा म्हणजे ऊन लागणार नाही. आधीच्या लसींचं पुस्तक आणा, आणि गोचीड निघाला असेल तर बंद डबीत घालून आणा, कोणता आहे ते बघता येतं.

बजेरिया_बॉय

ताई माझी मालवाहू गाडी आहे छोटी, रविवार सोडून रोज सकाळी धरमपेठेकडे माल टाकाले जातो. मानेवाड्यावरून घेऊन घेईन, पैसे नको. आमच्या गल्लीतले पण दोन कुत्रे दाखवाचे आहेत लसीसाठी, एकाच फेरीत होऊन जाईन. मेसेज करा.